दाणे वेचून काढलेला चिवडा

मित्रांनो, मी स्टीलचा एक जुना डबा आहे. सध्या विश्रांतवाडीतल्या एका भंगारच्या दुकानात पडून आहे. माझ्या डोक्यावर फुटका कुकर आहे आणि पाठीखाली कुणाच्या तरी पंख्याचं पातं. मला चीर गेलेली नाही, भोक पडलेलं नाही, झाकण अजून घट्ट बसतं. तरी मी इथे आहे. एकदोन दिवसांत टेम्पो येईल आणि आम्हा सगळ्यांना वितळवायला नेईल. त्याआधी माझी हकिकत तुम्हाला सांगून टाकतो. ती ऐकून तुम्हाला बरं वाटणार नाही. पण तुम्हीही कुणाकडे तरी खाऊ खाता, म्हणून ऐका.

मी जन्मलो तेव्हा पत्र्याची एक गोल चकती होतो. यंत्रानं मला दाबलं, ओढलं, उभं केलं आणि चाकावर घासून चकचकीत केलं. तिथून मी बोहरी आळीतल्या भांड्यांच्या दुकानात आलो. एका बाईंनी लेकीच्या लग्नासाठी मला घेतलं. दुकानाबाहेर एक माणूस नावं घालायचं छोटं यंत्र घेऊन बसलेला असे. त्याची सुई टर्र टर्र करत माझ्या अंगावर फिरली आणि ठिपक्याठिपक्यांनी नाव उमटलं : सौ. पद्मजा अनंत आगाशे. गंमत म्हणजे लग्न व्हायला अजून पंधरा दिवस होते. पद्मजाबाईंचं नवं नाव त्यांच्याआधी मला लागलं.

पहिली पंचवीस वर्षं आम्ही सदाशिव पेठेत दोन खोल्यांत काढली. नंतर विश्रांतवाडीत सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. माझं काम मात्र बदललं नाही. मी फराळाचा डबा. वर्षभर रवा नाहीतर पोहे सांभाळायचे आणि दिवाळी आली की काकूंचा चिवडा. एव्हाना सगळेच पद्मजाबाईंना काकू म्हणत, म्हणून मीही म्हणतो. पातळ पोहे गच्चीवर उन्हात वाळवायचे. मग खोबऱ्याचे काप, डाळं, कढीपत्ता, आणि लालसर होईपर्यंत तळलेले भरपूर शेंगदाणे. मूठभर खाल्ला की लोक म्हणत, "पद्मजाबाई, तुमच्या चिवड्याला तोड नाही." तेव्हा माझंही झाकण उगाच घट्ट बसायचं.

काकूंचं एक वैशिष्ट्य होतं. ज्या गोष्टीबद्दल त्यांना मत नाही अशी गोष्ट मी पाहिली नाही.

संध्याकाळी सातची मालिका लागली की त्या मांडीवर भाजी निवडायला घेत. मालिकेतली सून झोपलेली दिसली की म्हणत, "झोपताना नथ! अहो, बघा तरी. हिला सर्दी झाली तर काय करत असेल?" त्या सुनेची स्मृती दोन वर्षांत तिसऱ्यांदा गेली तेव्हा काकू म्हणाल्या, "स्वतःचं नाव आठवत नाही, पण दागिने कुठे ठेवलेत ते बरोबर आठवतं."

अनंतकाका तोंडानं कमी आणि पेपरातून जास्त बोलायचे. चित्रपट कसा होता असं कुणी विचारलं तर पेपर खाली न घेता सांगायचे, "बरा होता. मध्यंतराला संपला असता तर आणखी बरा झाला असता."

समोरचा फ्लॅट बरीच वर्षं बंद होता. तीन वर्षांपूर्वी तिथे अमरावतीकडचं एक कुटुंब राहायला आलं. अभिनव आणि तनुजा, दोघंही आयटीत. त्यांची लेक अपूर्वा, दीड वर्षाची. तिला सगळे अपू म्हणत. आमच्या दोन्ही स्वयंपाकघरांच्या खिडक्या इमारतीच्या मधल्या एकाच अरुंद डक्टमध्ये उघडतात. त्यामुळे तिकडची फोडणी आम्हाला कळे आणि इकडची मतं त्यांना.

पहिल्याच दिवाळीत तनुजानं तिचा चिवडा वाटीतून पाठवला. विदर्भाच्या पद्धतीचा, तळलेला लसूण आणि वाळवलेला कांदा घातलेला. काकूंनी चिमूटभर तोंडात टाकला. "हा चिवडा आहे का रस्सा?"

डक्टमधून तनुजा हसत म्हणाली, "काकू, मला ऐकू येतंय बरं."

"ऐकू यावं म्हणूनच बोलले. छान आहे. पण चिवडा नाही म्हणायचं याला."

तिथून दोघींची गट्टी जमली. तनुजा ऑफिसातून साडेसहाला येई, पर्स खांद्यावर तशीच ठेवून काकूंच्या सोफ्यावर बसे आणि दोघी मालिकेला नावं ठेवत. चकली भाजणीची बरी की तांदळाची, करंजीला पाक हवा की पिठीसाखर, कुठल्या नटीनं आता आईचीच कामं करावीत, हे सगळं त्या सोफ्यावर ठरायचं आणि दुसऱ्या दिवशी मोडायचं. कुणाचं काही बिघडत नव्हतं. मालिकेबद्दलचं मत चुकलं तर मालिकेला त्याचं काय?

पण त्याच सोफ्यावर, त्याच सुरात, आणखी एका गोष्टीवर मत दिलं गेलं.

अपूला शेंगदाणा चालत नव्हता. चालत नव्हता म्हणजे आवडत नव्हता असं नव्हे. पुण्याला येण्याआधी, आजोळी, कुणीतरी लाडानं तिच्या जिभेला दाण्याच्या लाडवाचं बोट लावलं होतं. पाच मिनिटांत तिचा चेहरा सुजला, अंगावर लाल, खाजऱ्या गांधी उठल्या, श्वास शिट्टीसारखा वाजायला लागला. डॉक्टरांनी सांगितलं होतं की ही अ‍ॅलर्जी आहे, दाण्याचा कणसुद्धा पोटात जाता कामा नये. तेव्हापासून तनुजा बिस्किटाच्या पुड्याची मागची बाजू परीक्षेचा पेपर वाचावा तशी वाचायची. दुसऱ्याच्या घरचा चमचासुद्धा आधी धुऊन घ्यायची. रात्रभर मुलीचा श्वास ऐकत राहायची असं तिनंच काकूंना एकदा सांगितलं होतं.

काकूंना हे पहिल्यांदा कळलं तेव्हा त्या हसल्या. "शेंगदाण्यानं कुणाला काय होतं? आपण तर उपासाला पोटभर खातो. थोडं थोडं देत गेलं की सवय होते गं."

"नाही होत काकू. डॉक्टरांनी सांगितलंय."

"डॉक्टर काय, हल्ली टीव्हीवरही रोज एक नवा आजार सांगतात."

तनुजानं अपूला उचलून मांडीवर घेतलं. तिच्याकडे बघून काकूंनी पुन्हा भाजी निवडायला घेतली. खरं सांगायचं तर काकूंचं मत त्या दिवशी बदललं नाही. पण त्यांनी ते बाजूला ठेवलं. त्यांच्यासाठी ही फार मोठी गोष्ट होती.

तनुजाला रोज ऑफिसला जावं लागे आणि पाळणाघरात कोण काय भरवेल याचा तिला भरवसा नव्हता. म्हणून दुपारी बालवाडीतून आल्यावर अपू आमच्याकडे राहायला लागली. तनुजानं काकूंना सगळं तीन वेळा समजावलं. एका कागदावर लिहून तो आमच्या फ्रिजवर चिकटवला. काकूंनी आयुष्यात पहिल्यांदा दाण्याच्या कुटाशिवाय कोशिंबीर केली. काकांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "याला काकडी चिरली असं म्हणतात."

"गप्प खा. पोरगी घरात आहे."

दीड वर्ष असं गेलं. कुटाची बरणी वरच्या फळीवर गेली. काकू दाणे भाजायच्या ते फक्त रविवारी, अपू आपल्या घरी असताना. अपू काकूंना आजी म्हणायची, मला पालथं घालून ढोलकी वाजवायची. माझ्या अंगावरचा एकुलता एक पोचा तिनंच पाडला. तनुजा एकदा डक्टमधून कुणाला तरी फोनवर सांगत होती, "अगं, या शहरात हे एकच घर आहे जिथे अपूला सोडलं की मला नीट श्वास घेता येतो."

मित्रांनो, ते वाक्य मी फार जपून ठेवलं होतं.

मग गेल्या वर्षीची दिवाळी आली. तनुजानं ठरवलं होतं की अपूसाठी स्वतः वेगळा चिवडा करायचा, नवी कढई, नवं तेल, फक्त डाळं आणि खोबरं घालून. पण ऑफिसचं काम संपेना. आज करते, उद्या करते, असं म्हणता म्हणता धनत्रयोदशी उजाडली. काकूंचा चिवडा आदल्या दिवशीच झाला होता. नेहमीचा, दाण्यांचा. तो उंच कपाटात ठेवला होता, अपूच्या हाताला लागू नये म्हणून.

धनत्रयोदशीला दुपारी अपू आमच्याकडे होती. खाली सोसायटीतली मुलं किल्ला करत होती आणि प्रत्येकाच्या हातात कागदाच्या द्रोणात चिवडा होता. अपू खिडकीतून बघत राहिली. ती रडली असती तर बरं झालं असतं. ती रडली नाही. तिनं फक्त विचारलं, "आजी, मला कधीच नाही का मिळणार?"

काकू उठल्या. त्यांनी कपाट उघडलं.

टीव्हीवर दर दिवाळीला लागणारा एक जुना कौटुंबिक चित्रपट चालू होता. काकूंनी चष्मा लावला, मोठं ताट मांडीवर घेतलं, त्यात चिवडा पसरला आणि दाणे वेचायला बसल्या. एक एक दाणा. अर्धा दाणासुद्धा. दाण्याचं तांबूस साल दिसलं तर तेही चिमटीत धरून बाहेर. तासभर त्या वाकून बसल्या होत्या. वेचलेले दाणे त्यांनी वाटीत घालून काकांच्या पुढ्यात ठेवले.

काका म्हणाले, "तनुजाला एक फोन करून विचार की."

"ती मीटिंगमध्ये असेल. आणि विचारायचंय काय त्यात? दाणेच काढून टाकले म्हटल्यावर काय राहिलं? पोहे आणि डाळं. ते ती रोज खाते."

मग तो चिवडा त्यांनी माझ्यात भरला. खास अपूचा म्हणून, धुऊन पुसून कोरड्या केलेल्या माझ्यात.

मला बोलता येत नाही, मित्रांनो. माणसांना डब्याचा जो आवाज येतो तो फक्त झाकणाचा असतो. नाहीतर मी ओरडलो असतो. इतकी वर्षं ज्याच्या भिंतींना फराळाचं तेल लागलंय त्याला एवढं नक्की कळतं. ते दाणे ज्या तेलात तळले, त्याच तेलात पोहे परतले होते. दाणे गेले होते, त्यांचं तेल प्रत्येक पोह्यावर बसलेलं होतं. चष्म्यातून ते दिसणार कसं? काकू डोळ्यांनी दाणे शोधत होत्या. डॉक्टरांनी सांगितलेला कण डोळ्यांना दिसणारा नव्हता. पण दाणे तळलेलं तेलही चालत नाही, हे फ्रिजवरच्या कागदावर लिहिलेलं होतं. चौथ्या ओळीत. काकूंनी तो कागद पहिल्या दिवशी वाचला होता, नंतर रोज त्याच्यासमोर फ्रिज उघडून दूध काढलं होतं, पण तो पुन्हा वाचला नव्हता.

अपूनं माझ्यात हात घातला आणि थांबली. आईनं शिकवलं होतं तसं तिनं विचारलं, "आजी, यात दाणे आहेत?"

"नाही गं राणी. सगळे काढलेत मी. बघ, आजीनं एक एक वेचलाय."

प्रश्न बरोबर होता. काकू खोटंही बोलल्या नव्हत्या. अपूनं मूठभर चिवडा खाल्ला, मग आणखी मूठभर. "मस्त आहे," म्हणाली. आजीसारखंच मत देऊन टाकलं तिनं.

थोड्या वेळानं ती खोकली.

"ठसका लागला," काकू म्हणाल्या. "वर बघ, वर बघ. पाणी पी."

अपूनं पाणी ओकलं. ती मान खाजवायला लागली. काकांनी पेपर खाली ठेवला. मी त्यांना पेपर असा अर्ध्यात खाली ठेवताना प्रथमच पाहत होतो. "अगं, तिचे ओठ बघ. सुजल्यासारखे नाही वाटत?"

काकूंनी बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावर भीती आली होती, पण तोंडातून सवयीनं आलं ते वेगळंच. "मिरची लागली असेल हो. चिवड्यात मिरची जरा जास्तच पडलीये यंदा."

मित्रांनो, ते काकूंचं शेवटचं मत.

त्याच वेळी दाराची बेल वाजली. दिवाळीमुळे तनुजाला लवकर सोडलं होतं. हातात पणत्यांचा पुडा घेऊन ती हसत आत आली. तिनं अपूकडे बघितलं. मग माझ्याकडे. एकही प्रश्न विचारला नाही. पुडा हातातून सुटला, पणत्या फुटल्या. पर्सच्या आतल्या कप्प्यात ती एक इंजेक्शन ठेवायची. डॉक्टरांनी तिला ते टोचायला शिकवलं होतं, आणि त्याची वेळ कधी येऊ नये म्हणून ती रोज देवाला हात जोडायची. ते तिनं फ्रॉकवरूनच अपूच्या मांडीत टोचलं. मग लेकीला उचलून ती अनवाणीच जिना उतरली. जाताना तिचा पदर मला लागला आणि मी खाली पडलो. चिवडा सगळ्या फरशीभर झाला.

खालून तिचा आवाज आला, "रिक्षा! रिक्षा!" मग काहीच नाही.

काकू जमिनीवर बसल्या होत्या. काका जिन्यात उभे होते. टीव्ही कुणी बंद केला नाही. चित्रपटात हरवलेली मुलगी घरी परत आली होती आणि सगळे रडता रडता हसत होते.

अपू वाचली. हे मी आधी सांगायला हवं होतं का? पण मलाही ते दोन दिवस माहीत नव्हतं. तिला अतिदक्षता विभागात ठेवलं होतं. काकूंनी अभिनवला फोन केला, "मी येऊ का रे?" तो म्हणाला, "नको काकू. एकालाच आत सोडतात." आवाजात राग नव्हता. अगदी परक्या माणसाशी बोलतात तसा सभ्य आवाज होता. काकूंनी फोन ठेवला आणि हातात तसाच धरून बसल्या. त्या दिवाळीत आमच्या दारात पणती लागली नाही. समोरच्याही नाही.

पाडव्याला अपूला घरी आणलं. काकू दोन दिवस दाराशी जात आणि परत येत. तिसऱ्या दिवशी तनुजानंच दार उघडलं. आमचं दार उघडं होतं, मला सगळं ऐकू आलं.

"तनुजा, मी दाणे काढले होते गं. एक एक काढला होता."

"माहितेय काकू."

"मला वाटलं…"

"हो. तुम्हाला वाटलं." तिचा आवाज वर गेलाच नाही, तो गेला असता तर काकूंना सोसलं असतं. "काकू, कुणी वाईट मनानं दिलं असतं ना, तर मी ओळखलं असतं. त्याच्यापासून तिला लांब ठेवता येतं. तुम्ही मायेनं दिलंत. आता मी तिला कुणापासून लांब ठेवू?"

काकू वळून घरात आल्या. त्या प्रश्नाचं उत्तर मी इथे भंगारात पडल्या पडल्या अजून शोधतो आहे.

तनुजानं नोकरी सोडली. अपू आमच्याकडे यायची थांबली. संध्याकाळी सातला मालिका आमच्याकडेही लागे आणि समोरही. तेच गाणं दोन्ही घरांतून थोडं मागेपुढे ऐकू येई. सुनेची स्मृती परत आली, मग तिची जुळी बहीण निघाली. काकू काही बोलल्या नाहीत. काकांना ते सहन होईना. एकदा त्यांनी मुद्दाम खोड काढली, "अगं, या बाईनं आज झोपताना नथ काढलीये. तब्येत बरी नसावी."

काकू भाजी निवडत राहिल्या.

डक्टमधून पूर्वी हसणं यायचं, आता अपूचा एकच प्रश्न येई. दूध असो, भात असो, पाण्याचा पेला असो. "आई, यात दाणे आहेत?" "नाही गं." एकदा तनुजा रडत अभिनवला सांगत होती, "मी नाही म्हटलं तरी ती लगेच खात नाही रे. माझ्या तोंडाकडे बघत बसते. मी खरं बोलतेय का ते बघते."

मित्रांनो, त्या मुलीला आधी दाण्यांची भीती होती. आता तिला 'नाही' या शब्दाची भीती वाटायला लागली होती.

वर्ष सरलं. यंदाच्या दिवाळीत काकूंनी काहीच केलं नाही. काकांनी बाजारातून फराळ आणला. चकली मोडून त्यांनी काकूंच्या हातावर ठेवली. "कशी आहे?"

"मला काय कळतं त्यातलं."

काका उठून गॅलरीत गेले. त्यांना जे ऐकायचं नव्हतं तेच ऐकू आलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकूंनी मला फळीवरून काढलं. गरम पाण्यानं धुतलं. चिंचेनं घासलं. कुठून आणली कोण जाणे, पण राखेनंही घासलं. परत साबण, परत गरम पाणी. झाकणाच्या काठात पिन घालून सगळी खाच कोरून काढली. माझ्या अंगावरच्या नावाचे ठिपकेसुद्धा दातांच्या जुन्या ब्रशनं घासले. मग गच्चीवर दिवसभर उन्हात ठेवलं. इतका स्वच्छ मी बोहरी आळीतही नव्हतो. संध्याकाळी त्यांनी फ्रिजवरचा तो कागद काढला, चष्मा लावला आणि उभ्या उभ्या शेवटपर्यंत वाचला. दोनदा. काकांना म्हणाल्या, "संत्री चालतात. संत्र्यांचं यात काही नाही."

त्यांनी माझ्यात चार संत्री ठेवली, अख्खी, सालासकट. समोरची बेल वाजवली.

दार अपूनं उघडलं. उंच झाली होती ती. काकूंना बघून तिचा चेहरा उजळला आणि मग तिला मी दिसलो. ती मागे सरली. आईचा कुर्ता घट्ट धरून तिच्यामागे गेली. "आई, तो डबा."

"संत्री आहेत गं," काकू घाईघाईनं म्हणाल्या. "सालं काढलेली नाहीत. डबा मी धुतलाय. सगळं वाचलंय मी, चौथी ओळसुद्धा. हवं तर संत्री परत धुऊन घे."

तनुजाचा हात पुढे आला. मी तो अगदी जवळून पाहिला, नखं चावून चावून लहान झालेली होती. तिला मला घ्यायचं होतं. हे मी शपथेवर सांगतो. बोटं माझ्या झाकणाला टेकली. मागून अपूचा श्वास जोरात व्हायला लागला. नुसत्या भीतीनं. तनुजानं वळून बघितलं आणि हात मागे घेतला.

"कळतंय मला काकू," ती म्हणाली. "पण नाही जमत."

"बरं," काकू म्हणाल्या. "बरं बरं. दार लावून घे. तिला घाबरवू नको."

दार हळू लागलं. आवाज होऊ नये अशा बेतानं. काकू मला छातीशी धरून पायपुसण्यावर उभ्या होत्या. आतून अपू विचारत होती, "आई, आजी रडतेय का?" तनुजानं दिलेलं उत्तर ऐकू आलं नाही.

आज सकाळी काकू मला इथे घेऊन आल्या. दुकानदारानं घ्यायला हात पुढे केला तर त्यांना मला सोडवेना. मग सोडलं.

मुलांनो, माझ्यासारख्यांच्या गोष्टीच्या शेवटी काहीतरी मागतात. वस्तू जपून वापरा, फेकू नका, असं. मी माझ्यासाठी काही मागत नाही. मी वितळेन, दुसरं काहीतरी होईन. तुमच्या वर्गात एखादी मुलगी स्वतःचाच डबा खात असेल, तुमच्या वाढदिवसाचा केक नको म्हणत असेल, तर तिला नखरेल म्हणू नका. तिला आग्रह करू नका. तिच्या आईला आधी विचारा. आणि मोठ्यांनाही सांगा, तुमचं ऐकतील तर. मालिका कशी वाटते, चित्रपट कुठे संपायला हवा होता, चकली किती कडक झाली, यावर हवं ते बोला, भांडासुद्धा. पण गोष्ट कुणाच्या श्वासाची असेल तेव्हा आपलं मत गिळा आणि फोन करून विचारा. एक मिनिट लागतं.

कारण नंतर कितीही घासलं तरी समोरचं दार उघडेलच असं नाही. आमच्या मजल्यावर ते उघडलं नाही.